आईचं रफू
फ्रीगंजच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीनिमित्त सिनेपुरस्कारांवर प्रश्नमंजूषा रंगली होती. सूत्रसंचालक आल्हादनं पडद्यावर लाल शालूतल्या नायिकेचा फोटो लावून विचारलं, “वेशभूषेचा पुरस्कार मिळालेल्या या सिनेमात शालू जुना वाटावा म्हणून डिझायनरबाईंनी काय केलं?” कोणालाच येईना. मग त्यानंच जवाब वाचला, “पदरावर मुद्दाम हिरव्या धाग्याचं रफू करवून घेतलं!” टाळ्या पडल्या. मी तडक उठले. “मुद्दाम? अरे, माझ्या लग्नात होमाची ठिणगी याच शालूच्या पदरावर उडाली, लाल धागा सापडेना म्हणून आईनं हिरव्यानं रफू केलं. पुढे राम घाटावर या सिनेमाचं शूटिंग होतं. तुझ्या या डिझायनरबाईनं चार दिवसांसाठी म्हणून शालू नेला, तो नेलाच!” “काकू, नेटवर तर असंच लिहिलंय.” “मग हेही लिही,” मी त्याचा माईक ओढला, “पुरस्कार तुझ्याकडेच राहू दे, बाई. माझ्या आईचे टाके तेवढे परत कर.”