शाहीनबाईंचा पेन्शनर

हयातीच्या दाखल्याची मुदत आज पाचला संपत होती. साडेचारला शाहीन मुजावर यांची गाडी दारात थांबली आणि निवृत्त भूकरमापक रंगनाथ दहिवले यांनी घाईघाईने चेहऱ्यावरची काळजी पुसली.

करातला रुपया कुणाच्या खिशात जातो हे कळू लागल्यापासून सरकारने नियमच केला होता. ज्याच्या करातून पेन्शन जाते, त्यानेच वर्षातून एकदा समक्ष येऊन पेन्शनर जिवंत असल्याचा अंगठा द्यायचा. नाही दिला, तर पेन्शन बंद. दहिवल्यांची पेन्शन शाहीनबाईंच्या करातून जायची.

शाहीनबाई यंत्रमागांच्या मालकीण आणि करकपात पक्षाच्या तालुकाध्यक्ष. यंदा अंगठा देणार नाही, असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. दहिवले पेन्शन बचाव आघाडीचे खजिनदार.

“काका, राज्य कर्जात बुडालंय आणि तुम्ही नवा चष्मा केलात?”

“तुझ्या पक्षाचा जाहीरनामा वाचायला केला. अक्षर बारीक आणि आकडे खोटे.”

“खोटे? दाखवा कुठले!”

जाहीरनामा निघाला, पोहे आले, भांडण रंगात आलं. पाचला चार मिनिटं उरली तेव्हा दहिवलेकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अगं, आधी अंगठा दे, मग भांड!”

शाहीनबाईंनी हसत मोबाइलवर अंगठा टेकवला.

“पण निवडून आलो की पेन्शन अर्धी करणार हं.”

“मग कशाला येशील इकडे?”

“येणार तर! अर्ध्या पेन्शनसाठीसुद्धा माणूस अख्खा जिवंत लागतो, काका.”