मंगळवारची टोपी

“टोपीशिवाय मी नाही यायची,” अर्लीनबाई म्हणाल्या. तोंड डावीकडे ओघळलं होतं, शब्द बोबडे येत होते, पण हट्ट शाबूत होता.

वर्नेटाचा जीव टांगणीला लागला. दुपारी आईकडे सहज डोकावली, तर स्वयंपाकघरात फुटका कप, पातेल्यात मक्याची पेज थिजलेली, इस्त्री अजून गरम. आणि आई चर्चच्या जांभळ्या पोशाखात पलंगाच्या काठावर. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, उजव्याने गळ्याचं बटण लावायची खटपट चाललेली.

“आई, आज मंगळवार आहे. पाद्रीसुद्धा घोरत पडले असतील.”

“बटण लाव आधी.”

वर्नेटाने बटण लावलं. डोकं गेलं हिचं, वारसुद्धा कळेना झालाय. तिने बोलावलेली ॲम्ब्युलन्स दारात येऊन थांबली तशी तिने चरफडत कपाटातली टोपी काढली आणि आईच्या डोक्यावर बसवली. स्वभावाला औषध नाही.

इस्पितळ तेच. बाबांनाही इथंच आणलं होतं, गॅरेजमधून थेट, तेलकट कपड्यांत, झोकांड्या खात. नोंदणीच्या खिडकीतल्या गोऱ्या बाईने त्या काळ्या माणसाकडे धड बघितलंही नाही. म्हणाली, झिंगलाय, उतरू दे. जन्मात दारूला न शिवलेला माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. वर्नेटाला त्या कोपऱ्याकडे बघवेना.

आज मात्र लगेच आत घेतलं. “किती सुरेख टोपी, मॅडम,” नर्स म्हणाली. तपासण्या भराभर झाल्या. शेजारच्या खाटेवर एक गोरी म्हातारी होती. झोपायच्या गाऊनमध्ये, केस पिंजारलेले, पाय अनवाणी. तिला रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध सुरूही झालं होतं.

“तुमच्या आईला ते आता देता येणार नाही,” डॉक्टर म्हणाला. “वेळ टळून गेली. सकाळी कप हातातून पडला, तेव्हाच यायला हवं होतं. इतका वेळ करत काय होत्या त्या?”

वर्नेटाला रडू फुटलं. “भ्रम झाला हो तिला. रविवार समजून चर्चची तयारी करत बसली. एका हाताने इस्त्री केली कपड्यांना.”

अर्लीनबाईंनी चांगला हात लांबवला आणि पायथ्याशी ठेवलेली टोपी जवळ ओढली.

“चर्चला नव्हे गं,” त्या म्हणाल्या. “इथं यायला.”