मनाची तयारी

चर्चच्या मागच्या खोलीत तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. त्यानेच मोडलेला तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"देव तुमच्या संसाराला नवे आशीर्वाद देणार आहे," पाळकसाहेब तिला समजावत होते. "त्यासाठी आधी मन तयार करावं लागतं. याला क्षमा कर आणि निमूट घरी जा."

"क्षमा केव्हाच केली. पण त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. असल्या हाताने कुठले आशीर्वाद झेलू?"

"मनात राग धरलास तर देव तरी कसा देईल?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठली.

"पाळक म्हणून तुमचं सगळं ऐकून घेतलं. आता बाप म्हणून बोला, बाबा. तुमच्या लेकीचा हात मोडलाय."