दादाला चालशील
मुकादमने मेनूकार्ड चालेलच्या हाती लागूच दिलं नाही. जपानी हॉटेल तिनेच निवडलं होतं, खिडकीजवळचं टेबलही तिनेच. सूप कुठलं, मासा शिजवलेला की कच्चा, सगळं वेटरला सांगून झाल्यावर तिने रीत म्हणून मैत्रिणीला विचारलं, "चालेल ना गं?"

"चालेल."

ही दोघींची शाळेतली टोपणनावं. एक वर्गावर मुकादमी गाजवायची, दुसरी कशालाही 'चालेल' म्हणायची. पुढे मुकादम बँकेत मॅनेजर झाली, चालेल चष्म्याच्या दुकानात डोळे तपासू लागली, पण नावं काही सुटली नाहीत.

जेवण आलं. मुकादमने काड्यांशी बरीच झटापट केली, भाताचा गोळा सॉसमध्ये बुडवून घालवला आणि शेवटी काटा मागवला. चालेलच्या हातात मात्र काड्या अशा बसल्या की विचारू नका. दिवसभर चिमट्याने चष्म्याचे स्क्रू उचलणारी बोटं ती, त्यांना भाताचा गोळा काय जड!

मग मुकादमने मूळ विषयाला हात घातला. विषय दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. घटस्फोट झाल्यापासून त्याला घर खायला उठतं, जेवणाची आबाळ होते, शर्टाची बटणं तुटली तर तशीच. इकडे चालेलचंही लग्नाचं राहूनच गेलेलं. तेव्हा मुकादमने कुणाला न विचारता भावाकडे विषय काढला होता.

"आणि तो तयार आहे. म्हणाला, चालेल की." मुकादमचा चेहरा नुसता फुलला होता. "दादाला तू चालशील गं."

चालेलने काड्या खाली ठेवल्या. दादा तिला आवडायचा. आजचा नाही, शाळेपासूनचा, आणि हे तिने मुकादमलाही कधी कळू दिलं नव्हतं. आता एक शब्द म्हटला की झालं, आणि तो शब्द तर तिच्या जिभेवर घर करून बसलेला. पण आज तोच तिला असा झोंबला की तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं आपण लोकांना हेच वाढत आलो की काय!

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

मुकादमचा काटा हवेतच राहिला. दादात काय खोट आहे, असं तिने जरा घुश्शातच विचारलं. खोट काहीच नाही, उलट तो मला फार आवडतो, असं चालेलने सरळ सांगून टाकलं. मग अडतंय कुठे, असं मुकादमने विचारलं.

"दुकानात एखादा म्हणाला ना, 'हा नंबर चालेल', की मी त्याला उठू देत नाही. पुन्हा भिंग बदलते. म्हणते, चालेल नको, स्वच्छ दिसतंय का ते सांगा. रोज नाकावर वागवायचंय."

मुकादम तिच्याकडे बघत राहिली. शाळेपासून बघत होती, पण अशी नाही. मग तिला हसू फुटलं.

"म्हणजे दादाला दुकानात पाठवू? नंबर काढायला?"

"पाठव की," चालेल म्हणाली. "एकटा ये म्हणावं. आणि रांगेत बसावं लागेल."