एका घरात एकच काठी

“उठा आबा. त्या पाण्याच्या डोणीपर्यंत चालून दाखवा बघू,” रूथबाई म्हणाली.

दगडोबा बाजेवरून उठला. कपाळावरची पट्टी अजून कोरी दिसत होती. शिरूरच्या मिशन दवाखान्यात नर्स रूथबाईनं त्याच भुवईला दुसऱ्यांदा टाके घातले होते, आणि घालताना तिला राग आला होता. म्हाताऱ्याचा नव्हे, स्वतःचा. जखम दवाखान्यात येते, पडणं घरीच राहतं. नुसती जखम शिवून काय उपयोग? म्हणून आज ती एसटीनं न्हावऱ्याला आली होती.

डोणीभोवतीचे दगड ओले होते. तिथं मुरूम टाकायला तिनं दगडोबाच्या सुनेला, म्हाळसाला सांगितलं. पण रूथबाईचं लक्ष म्हाताऱ्याच्या उजव्या हातावर होतं. चालताना तो हात हवेत काहीतरी चाचपत होता.

“मी दिलेली काठी कुठंय?”

म्हाळसानं हनुवटीनं दाखवलं. काठी वाळवणाच्या दोरीला टेकू देऊन उभी होती. वर म्हाळसाचं लुगडं. कुंपणाशी जमलेली शेजारपाजारची मंडळी खुसखुसली.

दगडोबा मात्र हसला नाही. “रखमाजीला कळप दिला तवाच काठी दिली, बाई. आमच्या घरात काठी एकच. मागं मेंढरू नसताना काठी धरायची म्हंजी भीक मागायला निघाल्यावानी.”

“पुन्हा पडलात तर खुबा मोडेल. मग बाजेवरून उठणं नाही, आबा.”

“मग बाजंवर मरंन. पर दुसरी काठी धरणार न्हाई.”

सगळ्यांच्या नजरा रखमाजीकडे वळल्या. दगडोबाचा हा थोरला मेंढवाड्याच्या फाटकाशी उभा होता, घराण्याच्या काठीवर रेलून. काट्यांना अडकलेली लोकरसुद्धा वेचून आणणारा गडी. ही काठी हाती येईपर्यंत त्याच्या मिशीत पांढरे केस आले होते. कारण त्या घरात काठी ज्याच्या हाती, त्याच्याच शब्दावर कळप हलायचा, चरायचा, विकला जायचा. बाकीच्यांनी विचारून वागायचं. काठी मिळाल्यापासून रखमाजीनं कुणाला काही विचारलं नव्हतं.

“ह्यो काय सोडतोय!” शेजारची पुतळाबाई म्हणाली. “निजताना बी उशाला घेतो. म्हाळसाला कवा एवढं जवळ घेतलं न्हाई!”

म्हाळसासुद्धा पदराआड हसली.

रखमाजी अंगण ओलांडून आला. त्यानं काठी बापाच्या पायांवर आडवी ठेवली.

“घ्या आबा.”

“आरं, येडा झाला का? हिच्यासंगं कळप जातोय तुझा.”

“जाऊ द्या.”

पुतळाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

दगडोबा वाकला. रूथबाई सावरायला पुढं झाली, पण त्याआधीच काठी त्याच्या मुठीत बसली होती. बोटं आपोआप जुन्या जागी गेली. त्यानं ती एकदा दगडावर टेकवली. ठक्.

मेंढवाड्यात रवंथ करत बसलेल्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. सगळ्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या. मग एक उठलं आणि पाठोपाठ सगळा कळप उभा राहिला.

दगडोबाची पाठ सरळ झाली. तो डोणीपर्यंत गेला, परत आला. हात आता काही शोधत नव्हता. प्रार्थना संपल्यावर मिशनच्या देवळात मंडळी जशी क्षणभर तशीच बसून राहते, तशी रूथबाई होती तिथंच उभी राहिली. तिला वाटलं होतं, आपण म्हाताऱ्याला फक्त हातभर लाकूड धरायला सांगतोय.

रखमाजी मेंढवाड्याकडे परतला. रिकामे हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं. रोजच्या सवयीनं त्यानं फाटकाला हात घातला. थांबला. मागं वळला. आणि पोराच्या आवाजात त्यानं विचारलं,

“आबा, आज मेंढरं कुठल्या अंगाला नेऊ?”