पाठ झालेले नाना

ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला पेशंट ज्याचा त्याने आणायचा असतो. धुळ्यातल्या त्या कॉलेजात गेली चार वर्षं सगळ्यांचा डोळा एकाच पेशंटवर असायचा, मागच्या गल्लीतल्या झुलाल नानांवर. माणूस चहा-भज्यांवर खूश, आणि 'ही काच बरी की ती?' असं पुरतं विचारायच्या आत 'दुसरी' म्हणून मोकळा. तक्त्यावरची अक्षरं नानांना पाठ, आणि नानांचा नंबर अख्ख्या वर्गाला पाठ: उजवा वजा दोन, डावा वजा अडीच. यंदा चिठ्ठ्या टाकल्या, त्यात नाना दिपमालाला लागले आणि बाकीच्या पोरी जळून खाक झाल्या.

परीक्षेला नाना घोटून दाढी करून आले, पण नाकावर चष्मा नव्हता. 'विसरलं वाटतं म्हातारं घाईत,' असं मनात म्हणत दिपमालाने टॉर्च उगाच इकडून तिकडे फिरवला, चार काचा खुळखुळवल्या आणि पाठ असलेला नंबर झोकात लिहून दिला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी कागद वाचला. मग नानांच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि बराच वेळ त्या बघतच राहिल्या.

"नाना, हा नंबर तुमचाच ना?"


नाना छाती काढून म्हणाले, "मनाच व्हता, मॅडम! मांगला महिनामा दोन्ही डोयासना मोतीबिंदू काढी टाका, आते चष्माबिगर बठ्ठं साफ दिखस. पोरगीले पास करा!"