भेग पडण्याआधी

जळगावातल्या मे महिन्याच्या उन्हात, लग्नाच्या हॉलबाहेर गाडी उभी होती. मॅडम आत जेवत होत्या आणि ड्रायव्हर लोटन महाजनांना एसी लावायची परवानगी नव्हती. डॅशबोर्ड मात्र स्वतःला गार ठेवी. त्या नव्या प्लास्टिकला भेग पडण्याआधीच कळ येई आणि ते गाडीच्या कंपनीला हाक मारी.

भोवळ आली तसं लोटननी त्या गारव्यावर कपाळ टेकवलं. मग त्यांचा उजवा हात हलेना, जीभ वळेना.

"पॅनेलवर ताण. मदत येत आहे," गाडी बोलली. लोटनचा जीव भांड्यात पडला.

थोड्याच वेळात कंपनीची मुलगी धावत आली. "काका, उठा बरं." लोटन नुसते बघत राहिले. तिने मॅडमना फोन लावला.

"ड्रायव्हर बोलत नाहीत. तब्येत बरी दिसत नाही."

"ढोसून आला असेल. डॅशबोर्डला भेग पडली का?"

"नाही मॅडम, वेळेवर पोचले."

"मग झालं तर."

तिने लोटनचं डोकं दोन्ही हातांनी अलगद उचलून तापलेल्या सीटवर टेकवलं. डॅशबोर्डवरची लाळ मऊ फडक्याने पुसली आणि ऊन आत येऊ नये म्हणून दार बाहेरून नीट लावलं.